पंचकल्याणी

ससा उताणा केल्याशिवाय वाचून पुरा होत नाही, हे मला यॉर्कशरमधल्या एका लाकडी शेडमध्ये कळलं. नोकरीपायी दोन वर्षं तिकडे होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचो. परसात त्यांची शेड, आत भिंतीला लागून एकावर एक खुराडी, वाळल्या गवताचा गोडसर वास आणि कायम चालू असलेला रेडिओ. एका रविवारी त्यांनी एक ससा काढून टेबलावर ठेवला. पाय घसरू नयेत म्हणून टेबलावर गालिच्याचा तुकडा पसरलेला होता. ससा काळा-पांढरा, गोलमटोल, ताठ कानांचा. मी आपलं म्हटलं, "छान आहे." त्यावर आजोबा काही बोलले नाहीत. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली घालून त्यांनी तो अलगद उताणा केला आणि पोटावरची रेघ दाखवली. पाठीवर जिथे पांढरा संपून काळा सुरू होत होता, तिथूनच ती रेघ बरगड्यांवरून खाली उतरून पोटाखालून फिरत होती आणि पलीकडून पुन्हा पाठीवर येऊन मिळत होती. करगोटा बांधावा तशी.

अस्सल पैठणी पारखताना जाणकार बाई आधी पदर उलटा करते. मागचं विणकाम पुढच्यासारखंच साफ असेल तर पुढचं बोलणं. आजोबांनी केलं ते तेच. पोटावरच्या त्या रेघेला ते लोक 'अंडरकट' म्हणतात. ससा घरात बसलेला असताना ती कुणालाही दिसत नाही, पण प्रदर्शनात तिला वेगळे गुण असतात.

या जातीला इंग्रज 'डच' म्हणतात, जर्मन आणि खुद्द नेदरलँड्समधले लोक 'हॉलंडर' म्हणतात. आपल्याकडे डचांना वलंदाज म्हणत. वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीचे अवशेष आजही आहेत. म्हणून मी याला वलंदाज ससा म्हणतो. पण हा वलंदाज घडला इंग्लंडात. ब्राबांत प्रांतात 'पेती ब्राबांसाँ' नावाचा लहान चणीचा ससा मांसासाठी पाळत. १८३०च्या दशकात बेल्जियमच्या ऑस्टेंड बंदरातून असे ससे बोटीने इंग्लंडच्या बाजारात येत. त्यातल्या काहींच्या अंगावर हा पांढरा पट्टा असे. तो काही इंग्रज शौकिनांच्या डोळ्यांत भरला आणि ते ससे खाटकाकडे जाण्याऐवजी खुराड्यात गेले. पुढच्या काही दशकांत या शौकिनांनी त्या विस्कटलेल्या पट्ट्याची निवडून निवडून सरळ रेघ केली. ब्राबांत म्हणजे हॉलंड नव्हे, हाही एक भाग आहेच. कोल्हापुरी चपलेला कुणी मुंबईची म्हणावं तसं हे नाव. पण नावं अशीच पडतात, आणि पडली की टिकतात.

आता तोंडापासून वाचू.

नाक पांढरं. नाकापासून निघालेला पांढरा पट्टा तिथे रुंद, डोळ्यांच्या मध्ये निमुळता, आणि कानांच्या मध्ये पोहोचेपर्यंत केसाएवढा बारीक. घोड्याच्या कपाळावरच्या पट्ट्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच इथेही वापरतात, 'ब्लेझ'. त्याच्या दोन बाजूंना दोन काळे गाल. हे गाल या सशाचं सर्वांत अवघड कडवं. ते गोल हवेत, जबड्याच्या कडेपर्यंत उतरलेले हवेत, मिश्यांच्या जितके जवळ येतील तितके बरे. पण मिश्या जिथून उगवतात त्या फुगीर उशीला शिवता कामा नये. जवळ ये, पण शिवू नको, हा सगळा सोवळ्याचा मामला. काळ्या वलंदाजाचा डोळा या गालात पार बुडून जातो. गडद तपकिरी डोळा, भोवती काळी लव. समोरून बघितलं तर डोळा दिसतच नाही, खिडकीचं लहानसं प्रतिबिंब तेवढं चमकतं आणि त्यावरून कळतं की तो आपल्याकडे बघतोय.

कान आखूड, जाडसर, अंगाच्या मानाने बेताचे, ताठ आणि पूर्ण रंगीत. कानांवर पांढरा ठिपका असला तर दोष. कानांमागचा काळा मानेवर ओघळला तर तोही दोष. मान स्वच्छ हवी. मग खांदे, छाती आणि पुढचे दोन्ही पाय पांढरेशुभ्र. आणि तिथे, पुढच्या पायांच्या जरा मागे, ती रेघ.

शाळेत वृत्तं शिकवायचे तेव्हा शार्दूलविक्रीडितातला यती मला फार आवडायचा. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर एक थांबा, आणि त्या थांब्यामुळे उरलेल्या सात अक्षरांना येणारं वजन. वलंदाज सशाच्या अंगावरची रेघ हा असाच यती आहे. अलीकडचं पांढरं हलकं, पलीकडचं काळं जड, आणि मधल्या थांब्यावर डोळा क्षणभर अडखळून पुढे जातो. रेघ जरा मागे सरकली तर ससा तोंडाकडे लांबट दिसतो, पुढे आली तर खांद्यात आखडल्यासारखा. वाकडी असेल तर सरळ यतिभंग. शौकीन तिला 'सॅडल' म्हणतात, खोगीर. मला तो शब्द पटत नाही. खोगीर वरून ठेवतात, ही रेघ तर अंगाला वेढा घालते.

मागचं सगळं अंग रंगीत, शेपटीसकट. आणि अगदी शेवटी, मागच्या पायांच्या बोटांपासून घोट्याच्या दिशेने साधारण एक-तृतीयांश भाग पुन्हा पांढरा. त्यांना 'स्टॉप्स' म्हणतात. लांब पावलांवर घातलेले आखूड मोजे. पुढचे दोन पाय पांढरे, मागची दोन पावलं पांढरी, तोंडावर पांढरा पट्टा. चार पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याला आपल्याकडे पंचकल्याणी म्हणत आणि शुभ मानत. यॉर्कशरच्या त्या शेडमध्ये हा शब्द मला आठवला आणि आजोबांना समजावून सांगताना माझ्या इंग्रजीची चांगलीच ससेहोलपट झाली. पण अर्थ त्यांना कळला. म्हणाले, आमच्यात शुभ-अशुभ काही नाही, गुण असतात. शंभरातले.

रंगांबद्दल फार लिहीत नाही. काळा, निळा, चॉकलेटी, करड्याचे तीन-चार प्रकार, आणि कासवपाठी म्हणावा असा नारिंगी-तपकिरी, ज्याच्या कडांना काजळी धरलेली असते. नवख्याला काळा आवडतो, कारण रेघ लांबून दिसते. मला निळा आवडतो. निळा म्हणजे खरं तर पावसाळी ढगाचा राखी. त्याच्या शेजारचं पांढरं डोळ्यांत टोचत नाही. चॉकलेटी चांगल्या उजेडात सुंदर, एरवी मळकट. आणि लव रंगाइतकीच महत्त्वाची. पाठीवरून उलटा हात फिरवून सोडला की या सशाचे केस झटकन मूळ जागी येतात. काही जातींचे आळसावून सावकाश परततात. या चपळ केसांमुळेच रेघ धारदार राहते.

आता या रेघेचा कर्ता कोण? इथे रसिकाची पंचाईत होते.

गर्भात रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि कातडीखालून दूरदूर पसरत जातात. जिथे त्या पोहोचतात तिथे केस रंगीत उगवतो, जिथे पोहोचत नाहीत तिथे पांढरा. पाटाला पाणी सोडलं की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत ते येईलच असं नाही, तसा हा प्रकार. नाकाचा शेंडा, कपाळाची मधली रेषा, बोटं, ही सशाच्या अंगावरची टेलची शेतं. वलंदाजाला आई आणि बाप दोघांकडून एक असा गुण मिळालेला असतो की हे पाणी आणखीनच कमी पडतं. डोळ्या-कानांभोवती ओल, कमरेपासून मागे ओल, मधले खांदे कोरडे. म्हणजे ही रेघ मुळात कुणी काढलेली नाही. ओल जिथवर गेली तिथली ती कड आहे. आणि शौकिनांची मागणी काय, तर ती कड पट्टीने आखल्यासारखी हवी!

पाठ्यपुस्तकातल्या पनेट चौकटीमुळे ज्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते रेजिनाल्ड पनेट १९२०च्या दशकात याच सशांच्या मागे लागले होते. केंब्रिजमध्ये मायकल पीझ यांच्यासोबत त्यांनी जोड्या लावून, पिल्लांच्या अंगावर किती पांढरं आणि किती रंगीत याचा हिशेब मांडला. तिकडे हार्वर्डमध्ये विल्यम कॅसल हेही वलंदाजाच्याच पांढऱ्यावर काम करत होते. दोघांचं उत्तर एक झालं नाही. एकाच जनुकाची निरनिराळी रूपं की अनेक जनुकांची मिळून केलेली कारागिरी, असा तो वाद. पाळणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की बिनचूक खुणांच्या आईबापांना बिनचूक खुणांची पिल्लं होतीलच याची हमी नाही. एकाच सशाचा डावा गाल अचूक गोल आणि उजवा मिशीपर्यंत पसरलेला, हे तर नेहमीचं. दोन्ही गालांचा वारसा एकच असतो, तरी.

आजोबांकडे ते डोळ्यांनी पाहायला मिळालं. मादी महिनाभराने, तीस-बत्तीस दिवसांत विते. त्याआधी ती स्वतःच्या पोटाचे आणि गळ्याखालचे केस उपटून घरट्यात अंथरते. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तो केसांचा पुंजका दोन बोटांनी बाजूला सारला. आत आठ पिल्लं, उघडी, आंधळी, अंगठ्याएवढी. रानातल्या सशाची पिल्लं डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन जन्मतात. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण ती जातच वेगळी. ही पिल्लं मात्र नुसता गुलाबी मांसल गोळा. आणि त्या उघड्या कातडीवर सगळा नकाशा आधीच छापलेला होता. केस उगवायचे होते, रंग कातडीत दिसत होता. गाल, रेघ, मोजे, सगळं. आजोबांनी एकेक पिल्लू तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं. मिनिटभराचं काम. मग म्हणाले, "दोन चालतील."

"आणि बाकीची सहा?"

"ती पाळायला."

घरांमध्ये दिसणारा वलंदाज ससा हा बहुतेक वेळा बाद झालेला खर्डा असतो. प्रदर्शनाच्या टेबलावर पोहोचणारे मोजके, उरलेले लोकांच्या दिवाणखान्यात. त्यांच्यात खोट काहीच नसते. ओल चार केस पुढे गेली किंवा मागे राहिली, एवढाच गुन्हा. या सहांना पारखायला गुणपत्रिका उपयोगाची नाही. त्यांचं वाचन स्वभावावरून करावं लागतं.

आणि स्वभावाच्या बाबतीत ही जात खरोखर गुणी आहे. दोन ते अडीच किलोचा आटोपशीर ऐवज, ना फार मोठा, ना खेळण्यासारखा इवला. सहसा बिचकत नाही, बिचकला तर लवकर सावरतो. माद्यांचं मातृत्व तर नावाजलेलं. दुसऱ्या जातीच्या मादीने पिल्लं टाकली की शौकीन ती वलंदाज मादीच्या घरट्यात सरकवतात आणि ती निमूट पाजते. पुढे बुटक्या जातींची लाट आली आणि वलंदाजाची पहिल्या नंबरची लोकप्रियता ओसरली. बुटक्यांचं तोंड बाळासारखं, फोटो छान येतो. पण रोजच्या सहवासाला मी वलंदाजच घेईन.

ते मी छातीठोकपणे सांगतो, कारण पुण्यात ताईकडे एक आहे. भाचीने हट्टाने आणली, विकणाऱ्याने 'प्युअर डच' म्हणून दिली. मी पहिल्याच दिवशी ती उताणी करून पाहिली, तेव्हा ताई म्हणाली, "अरे, ससा आहे, कलिंगड नाही." रेघ डावीकडे बरी, उजवीकडे मात्र काळ्याची एक जीभ पांढऱ्यात बोटभर आत घुसलेली. उजवा गाल मिशीवर चढलेला, त्यामुळे त्या बाजूच्या काही मिश्या काळ्या. आणि मागच्या डाव्या पायाला मोजाच नाही. पाचातलं एक कल्याण कमी. म्हणून मी तिचं नाव कल्याणी ठेवलं. पुण्यात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

कल्याणी मांडीवर बसत नाही. हे नवीन लोकांना पचत नाही. ससा म्हणजे कापसाचा गोळा, उचलावा आणि कुरवाळावा, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. पण जमिनीवरून पाय सुटणं म्हणजे सशाच्या लेखी घारीने उचलणं. धडपडून उडी मारली तर त्याचा मणका मोडू शकतो. कान धरून उचलणं तर क्रूरपणा. आपण फरशीवर बसायचं आणि वाट बघायची. पाच-दहा मिनिटांनी ती येते, गुडघ्याला हनुवटी घासते. हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. त्या घासून ती 'हे माझं' अशी सही करत हिंडते. सोफ्याचा पाय, भाचीचं दप्तर, माझा गुडघा, सगळं तिच्या सातबाऱ्यावर चढलेलं आहे. तिच्या नाकासमोर हात नेला तर दचकते, बाजूने नेला तर नाही. डोळे दोन्ही बाजूंना असल्याने तिला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. जगातला सगळा धोका बघू शकणाऱ्या प्राण्याला स्वतःच्या तोंडासमोरची कोथिंबीर वासाने शोधावी लागते.

खाण्याचं ताईने आता नीट बसवलं आहे. दिवसभर वाळलेलं गवत, हवं तेवढं. त्याच्या जोडीला थोडा पाला. गाजर क्वचित, कारण त्यात साखर. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम जास्त. गणपतीत उरलेल्या दूर्वांच्या जुड्या मात्र ती एकेक काडी ओढून संपवते. दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, म्हणून चघळणं थांबता कामा नये. गवत नसेल तर चार्जरची वायर आहेच. सशाला उलटी करता येत नाही, आणि त्याचं पोट थांबलं तर काही तासांत जिवावर बेततं. एकदा सकाळपासून तिने काही तोंडात घेतलं नाही, लेंड्याही बंद. दुपारी ज्या दवाखान्यात नेलं तिथे सांगितलं, 'उद्यापर्यंत वाट बघा.' ताईने ऐकलं नाही, दुसरीकडे नेली, म्हणून ती आज आहे. बारा तास न खाणं म्हणजे सशासाठी उद्यापर्यंत थांबण्याची गोष्ट नव्हे.

आणि उन्हाळा. ऑस्टेंडच्या थंड वाऱ्यातल्या रक्ताला पुण्याचा एप्रिल मानवत नाही. ससा घामाने गार होत नाही. कानांच्या शिरांतून उष्णता बाहेर टाकतो, आणि वलंदाजाचे कान तर आखूड. तिशीच्या पुढे पारा गेला की कल्याणीची जागा बाथरूमच्या फरशीवर, शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. नागपूर-अकोल्याकडे कुणी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ससा ठेवायचं म्हणत असेल तर त्याने ठेवू नये, इतकं साधं आहे.

यंदा थंडीत गेलो होतो. कल्याणीचे केस झडत होते. भाची ब्रश घेऊन बसली होती आणि फरशीवर पांढऱ्या-काळ्या केसांचे पुंजके पडत होते. झडतीच्या दिवसांत रेघ विस्कटते, धूसर होते. मी विचारलं, "ती जीभ आता कुठेय गं?" भाचीने उजवी बाजू दाखवली. जुन्या केसांच्या खालून नवे काळेभोर केस वर येत होते, बरोबर त्याच जागी, बोटभर पांढऱ्यात घुसलेले.

"मामा, ही रेघ कधी सरळ नाही का होणार?"

मी काही बोलायच्या आत कल्याणी ब्रशखालून निसटली. खोलीभर एक फेरी मारली, मध्येच उडी घेतली आणि हवेत डोकं एका दिशेला, बूड दुसऱ्या दिशेला फिरवलं. शौकीन याला 'बिंकी' म्हणतात. ससा खूश असला की करतो. त्या उडीत तिचं अंग पिळलं गेलं आणि रेघ तिरपी झाली, जीभ कुठे गेली कळलंच नाही. आजोबांचा बिनचूक खुणांचा ससा असता तरी अशा उडीत त्याची रेघ तिरपीच झाली असती. सरळ असायची ती गालिच्याच्या तुकड्यावर बसलेला असताना. कल्याणी खाली आली, दोन पावलं चालली आणि धपकन कुशीवर आडवी झाली. मागचे पाय लांब पसरलेले, एक मोजा घातलेला, एक न घातलेला. भाची पुन्हा ब्रश घेऊन तिच्याकडे सरकली.